परोपकारातील स्वार्थ : एक शंका व समाधान

दान हे धर्माचे अंग आहे, याविषयी दुमत नाही. परंतु दान करणारा ते दुसऱ्यासाठी करतो की स्वतःसाठी, ही शंका जिज्ञासूंना वारंवार पडते. पूर्वपक्ष असा : कोणी कीर्तीसाठी देतो, कोणी पुण्यासाठी देतो, ज्याला यांपैकी काहीच नको, तोही निदान मनाच्या समाधानासाठी देतो. सबब निःस्वार्थ दान हा नुसता शब्द आहे.

यातील पहिली दोन अंगे मान्यच केली पाहिजेत. पायरीच्या दगडावर नाव कोरले जावे म्हणून दिलेला पैसा हा नावाचा मोबदला होय. पुण्याची आशा धरून केलेले कर्मही सकामच; त्याने फार तर देवतांची फळे मिळतात, आणि ती भोगाने सरतात. धायरीसारख्या गावात पूर्वी शेतकरी एकमेकांच्या शेतावर सावडीने राबत. ती रीत चांगलीच होती. पण आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, अशा परतफेडीला दान म्हणत नाहीत. धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आली. आता शेजारी कोण, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. परतफेडीची आशाच नाही अशा अनोळखी माणसाला जो देतो, त्याच्याविषयीच खरा विचार केला पाहिजे.

राहिले समाधान. येथे पूर्वपक्षाने फळालाच हेतू मानले आहे. दुसऱ्याचे दुःख ज्याला सलतच नाही, त्याला ते दूर झाल्याचे समाधान कोठून होणार? म्हणजे कळवळा आधी, समाधान मागाहून. जे मागाहून येते ते आधीच्याचे कारण होऊ शकत नाही.

धायरीपासून खडकवासला दूर नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले. त्याच्या आदल्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचीत होते. त्यामुळे धरण काही काळ टिकले, आणि लोंढा रात्री न येता दिवसा पुण्यात आला. रात्री आला असता तर किती माणसे झोपेतच वाहून गेली असती! कोणी म्हणेल, जवानांना वेतन होते. होते खरे. पण ज्यांचे प्राण वाचले त्यांना त्यांची नावेही ठाऊक नव्हती. वेतन मिळाले म्हणून कर्म स्वार्थी होत नाही. त्या वेळी चित्त कोठे लागले होते, हे पाहावे लागते.

मग आपले चित्त कोठे आहे हे ओळखावे कसे? एक परीक्षा सोपी आहे. आपण भुकेल्यासाठी ताट घेऊन निघालो आणि आपण पोचण्याआधीच दुसऱ्याने त्याला जेवू घातले. मनाला बरे वाटले, तर आपले लक्ष त्याच्या भुकेकडे होते. चुटपुट लागली, तर ते आपल्या ताटाकडे होते.

पूर्ण निःस्वार्थ करुणा परमेश्वराचीच. पारध्यांना भिऊन ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयाला आला, तेव्हा त्या मुक्या जीवाजवळ परत देण्यासारखे काय होते? स्वामींना तरी कशाची उणीव होती? जीव मात्र अपूर्ण आहे. त्याच्या दानात कळवळा आणि अहंता यांचे मिश्रण असायचेच. म्हणून हेतू शुद्ध होईपर्यंत दान थांबवणे हा शुद्ध अविचार होय, कारण हेतूच्या शुद्धीसाठी भुकेल्याची भूक थांबत नाही. देत राहावे आणि देताना स्वतःला तपासीत राहावे. त्यातही ‘मी निःस्वार्थ आहे’ हा भाव उठेल, त्याला विशेष जपावे. कीर्ती टाकलेल्याच्या घरात स्वार्थ याच दाराने शिरतो.

धायरी, पुणे.