कळतं, पण वळत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी चित्रपट-दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी आपल्याला एम्फिसीमा झाल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षांच्या सिगारेटींनी फुप्फुसं पोखरली होती. निवेदनाचा सूर मात्र रडका नव्हता. तंबाखूचा वास, सिगारेट पेटवणं, ओढणं हे सगळं आपल्याला मनापासून आवडायचं आणि ही त्याची किंमत आहे, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. पहिली सिगारेट त्यांनी आठव्या वर्षी ओढली होती. २०२० मध्ये निदान झालं, तरी सिगारेट सुटायला आणखी दोन वर्षं गेली. शेवटी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जाणंही अवघड झालं. जानेवारी २०२५ मध्ये, एकोणऐंशीव्या वाढदिवसाला काही दिवस उरलेले असताना, ते गेले.

या लिंच यांना आणखी एक सवय होती. १९७३ पासून ते महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान दिवसातून दोनदा करत. ध्यानाच्या प्रसारासाठी त्यांनी संस्था काढली, पुस्तक लिहिलं, त्यात गीता-उपनिषदांतली वचनं घातली. २००८ मध्ये महर्षींच्या अंत्यसंस्कारासाठी ते थेट अलाहाबादला आले होते. पन्नास वर्षं रोज मनाच्या तळाशी बुडी मारणाऱ्या माणसाला बोटांतली सिगारेट वेळेत टाकवेना! यावर हसणं सोपं आहे, पण हसू नये. हा पेच अर्जुनाचाच आहे. इच्छा नसताना, कुणी बळेच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो, असं तो गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारतो. कृष्ण काम-क्रोधाकडे बोट दाखवतो आणि त्यांनी ज्ञान कसं झाकलं जातं हे सांगताना पहिला दाखला देतो तो धुराने वेढलेल्या अग्नीचा.

आयुर्वेदाने याला प्रज्ञापराध म्हटलं. चरकसंहितेनुसार धी, धृती आणि स्मृती ढळल्या की माणसाच्या हातून स्वतःचंच अहित घडतं. हित-अहित ओळखते ती धी, मनाला आवर घालते ती धृती, आणि खरं काय ते ऐनवेळी आठवून देते ती स्मृती. चरकाने औषधी वनस्पतींच्या धूमपानाचा विधीही सांगितला आहे आणि अतिरेकाचे दुष्परिणामही. तंबाखू मात्र पोर्तुगीजांबरोबर कितीतरी शतकांनंतर आली.

आपली जनजागृती यातल्या धीपाशीच अडकून पडली आहे. २०१६ पासून भारतात सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो. तो हवाच. पण विडी वाईट हे विडी ओढणाऱ्याला ठाऊक नसतं, असं आता कोण म्हणेल? धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि घाव घालतं ते धृतीवर. स्मृतीचं तर आणखी अवघड. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात आणि निसर्गाने त्यांचा राखीव साठा इतका उदार ठेवला आहे की त्यांच्या भिंती झडत गेल्या तरी कित्येक वर्षं काही जाणवत नाही. सकाळचा खोकला 'विडीचा नेहमीचा', जिन्यावरची धाप 'वयाची'. लक्षात राहावं असं काही घडतच नाही. घडतं तेव्हा गेलेले वायुकोश परत मिळत नाहीत.

हे न जाणवणारं नुकसान स्पायरोमेट्रीत मोजता येतं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून घेतलेला श्वास, आणि मग तंत्रज्ञाचा आरडाओरडा: 'फुंका, जोरात! अजून, अजून, थांबू नका!' सहा सेकंद फार मोठे वाटतात. तोंड लाल होतं, खोकल्याची उबळ येते, पुन्हा पहिल्यापासून. श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर केसपेपरवर सीओपीडी असं लिहिलं जातं, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार; एम्फिसीमाही त्यातच मोडतो.

आणि घरी निकाल लागतो: 'स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं.' करावं तसं भरावं. कर्मसिद्धान्ताचा इतका स्वस्त वापर दुसरा नसेल. आठव्या वर्षी सिगारेट हातात घेणाऱ्या पोराने समजून-उमजून कर्म निवडलं, असं म्हणायला कुठलं धर्मशास्त्र धजेल? शिवाय हा हिशेब जुळतही नाही. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधल्या सुमारे ८०० पुरुषांची फुप्फुसं ८ वर्षं तपासली आणि १९७७ मध्ये निष्कर्ष मांडला. काहींची फुप्फुसं धुराला झपाट्याने बळी पडतात, काहींची फारशी नाहीत. कर्म सारखं, फळ वेगळं. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती. गेलेली क्षमता भरून येत नाही, पण ओढणं थांबलं की पुढची घसरण जवळपास न ओढणाऱ्या माणसाच्या चालीने होते. साठलेलं संचित आणि भोगायला आलेलं प्रारब्ध यांच्याबरोबर क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडणारं कर्मही मानणाऱ्या परंपरेला हे समजायला जड जाऊ नये. बोल लावणारे फक्त प्रारब्ध बघतात.

'स्टार ट्रेक' या मालिकेतले मिस्टर स्पॉक, म्हणजे अभिनेते लिओनार्ड निमॉय, यांनी सिगारेट सोडून तीसेक वर्षं झाली होती. तरीही २०१४ मध्ये आपल्याला सीओपीडी असल्याचं त्यांनी जगाला सांगितलं. सोडली, पण वेळेत नाही, तुम्ही आत्ताच सोडा, असं त्यांचं चाहत्यांना सांगणं होतं. पुढच्या वर्षी ८३व्या वर्षी ते वारले. लिंच किंमत म्हणाले, निमॉय यांना खंत होती. दोघांनीही आजाराचं नाव उघड सांगितलं, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे असे कितीतरी रुग्ण चारचौघांत 'दमा आहे' एवढंच सांगतात, कारण दम्यात कुणी दोष काढत नाही.

मग जिने आयुष्यात विडीला हात लावला नाही तिचं काय? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांचा चुलीतला धूर हे त्याचं एक मोठं कारण. तिला पूर्वजन्मीचं पाप चिकटवणारेही भेटतातच.

संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला नेमकं हेच विचारतो. माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मानेच, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध एकेक कारण मोजतो: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संनिपात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात. कर्मविपाक त्या यादीत आहे, पण आठवा. सगळं कर्मावर ढकलणारे, स्वतःला कळतं आणि जगात खरं मानलं जातं त्याच्याही पलीकडे जातात, असं तो बजावतो.

छातीचे डॉक्टर आता 'विडी-सिगारेट किती वर्षं?' याच्या जोडीला 'चुलीवर स्वयंपाक किती वर्षं?' हेही विचारतात. नवरा-बायको दोघंही एकाच बाकावर बसलेले असू शकतात. त्याच्या हातात आणि तिच्या हातात औषधाचा फवारा तोच पडतो, श्वासाचे व्यायाम तेच, लस तीच, आणि धुरापासून लांब राहायचं पथ्यही तेच.