कर्माची गती गहन आहे, मग आपण निकाल का देतो?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १७. भगवंत सांगतात, कर्म काय, विकर्म काय, अकर्म काय, हे तिन्ही जाणून घ्यावं लागतं, कारण कर्माची गती गहन आहे.

हा श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. भिडला मात्र लेकीच्या जन्मानंतर. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डाऊन सिंड्रोमची शंका आहे, क्रोमोझोमची टेस्ट करू. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. शंका खरी होती.

बाळाला घेऊन आम्ही पहूरला गेलो. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, "मागच्या जन्माचं काहीतरी असेल." मला भयंकर राग आला. पण खरं सांगू का? रात्री देवासमोर बसून मीही तेच विचारत होतो. हे कोणाचं कर्म? माझं, बायकोचं, की त्या इवल्याशा जिवाचं?

आम्हा इंजिनिअर लोकांना रूट कॉज शोधायची सवय. इथे तेही सापडलं. शरीरातल्या पेशींमध्ये २१व्या क्रोमोझोमच्या दोनऐवजी तीन प्रती. हे १९५९ सालीच जगाला कळलंय. बहुतेक वेळा पेशी विभागताना योगायोगानं असं घडतं. आईनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा काही संबंध नाही. 'कसं' याचं उत्तर मिळालं. 'आमच्याच घरी का' हे उरलंच.

आणि त्या 'का'च्या नादात मी काय करत होतो? फाइल घेऊन फिरत होतो, रात्रभर गूगल करत होतो. लेकीला मात्र फारसं उचलून घेत नव्हतो. लिहितानाही लाज वाटते.

एका सकाळी आजीनं मला अंगणात गाठलं. वाटलं, हीसुद्धा पाप-पुण्य काढणार. तिनं एवढंच विचारलं, "दूध पेली का पोरगी?" मला माहीतच नव्हतं. अशा बाळांचे स्नायू सैल असतात, ओढायला त्रास होतो, पिता पिता ती थकून झोपतात. आजी बोंडलं घेऊन बसली, बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "धर नीट."

त्या दिवशी श्लोक उलगडला. जी गती स्वतः भगवंत गहन म्हणतात, तिचा निकाल आपण चहा पिता पिता देतो! मग कर्मसिद्धांत खोटा का? नाही. पण तो आरसा आहे, स्वतःचं तोंड बघायला. दुसऱ्याच्या बाळाचं कपाळ वाचायला तो दिलेलाच नाही. लेक अशी का जन्मली, हा माझ्या हातातला प्रश्न नाही. ती भुकेली असताना मी काय करतो, हे मात्र शंभर टक्के माझं कर्म. आणि दुःखाच्या नावाखाली तिला न उचलणं, तेही माझंच.

विदर्भातले संत गुलाबराव महाराज आठवतात. जन्म १८८१चा. वर्षाचे व्हायच्या आतच दृष्टी गेली. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरहून अधिक ग्रंथ रचले. आपण हे ऐकून हात जोडतो, पण एक गोष्ट विसरतो. त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारं, त्यांचं सांगणं उतरवून घेणारं कोणीतरी रोज शेजारी बसत होतं. त्या लोकांनी 'हे कोणाचं पाप' विचारत वेळ घालवला असता तर?

आणि हो, माझ्या लेकीनं महाराजांसारखं मोठं व्हावं अशी अट नाही. ती काहीच 'करून दाखवणार' नसली, तरी भगवंत तिच्यात तेवढाच आहे. हे मला पटायला वेळ लागला. अजूनही एखाद्या रात्री डगमगतो.

तुमच्या ओळखीत असं बाळ आलं असेल, तर आजचा संकल्प एवढाच : कारण सांगायला जाऊ नका. डबा घेऊन जा, बाळाला मांडीवर घ्या. हृदयाची इको झाली का विचारा, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. फिजिओथेरपी लवकर सुरू करायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे सोबत जा.

आमची लेक आता दोन वर्षांची आहे. आधार धरून उभी राहते. टाळ वाजले की हात वर करते.

राम कृष्ण हरी 🙏