कर्ता कोण? (अध्याय १८, श्लोक १४ ते १६)



काल तेराव्या श्लोकापाशी थांबलो होतो. कोणतंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात, एवढं भगवंत तिथे सांगतात. ती पाच कोणती, ते आजच्या चौदाव्या श्लोकात येतं: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे बसायची जागा, आपल्या बाबतीत हा देह. कर्ता म्हणजे 'मी करतो' असं म्हणणारा जीव. करणं म्हणजे साधनं, डोळे, कान, हात वगैरे. चेष्टा म्हणजे आतल्या प्राणांच्या निरनिराळ्या हालचाली. आणि दैव म्हणजे नशीब नव्हे बरं का! माउली आणि शंकराचार्य दोघेही इथे इंद्रियांच्या मागे उभ्या असलेल्या देवता असा अर्थ घेतात. डोळा बघतो, पण त्याच्यामागे सूर्य आहे म्हणून बघतो.

पंधरावा श्लोक आपण सहसा घाईत ओलांडतो. माणूस शरीराने, वाणीने, मनाने जे काही करतो, मग ते बरोबर असो की उलटं, त्याची कारणं हीच पाच. 'मग ते उलटं असो' हे लक्षात ठेवा, आज त्याच्यापाशीच यायचं आहे. आणि सोळावा सांगतो, असं असूनही जो स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला दिसत नाही.

परंपरेत सोळाव्याचा अर्थ वेदान्ताचा आहे. शुद्ध आत्मा काहीच करत नाही, त्याच्यावर कर्तेपण लादू नका. तो अर्थ माझ्या आवाक्याच्या पलीकडचा आहे, मी त्याला हात लावत नाही. मी आपला त्याची खालची पायरी घेतो, व्यवहारातली: 'हे मी एकट्याने केलं' असं म्हणणाऱ्याला दिसत नाही. आणि ही पायरी मला गेल्या महिन्यात ऑफिसच्या हॅकेथॉनमध्ये फार जवळून बघायला मिळाली.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: हॅकेथॉन म्हणजे कुठे घुसून चोरी करणं नव्हे. १९९९ साली कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडीचे दहा प्रोग्रामर एकत्र बसून काम करायला जमले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. तेव्हा अमेरिकेतून कूटलेखनाचं सॉफ्टवेअर बाहेर पाठवायला कायद्याची अडचण होती, म्हणून ते कॅनडात भेटले. आता प्रत्येक कंपनीत वर्षातून एकदा हे होतं. चार-पाच जणांची टीम, एक-दोन दिवस, पिझ्झा, शेवटी परीक्षकांसमोर डेमो. यंदाचा विषय अर्थातच एआय.

आमची टीम मुद्दाम वेगवेगळ्या विभागांतून केलेली. मी, टेस्टिंगमधला एक जण, डेटाबेस बघणारी एक मैत्रीण, आणि नुकताच कॉलेजमधून आलेला एक मुलगा. पाचव्या होत्या ग्राहक सपोर्टमधल्या एक ताई. गेली सहा वर्षं त्या आमच्याच इमारतीत दोन मजले खाली बसतात, आणि आमच्यापैकी कोणीही त्यांच्याशी कधी एक वाक्य बोललेलं नव्हतं. आमच्या लेखी त्या म्हणजे तिकीट पाठवणारा एक ईमेल आयडी.

ठरलं असं की ग्राहकांच्या तक्रारी वाचून मराठी-हिंदीत उत्तराचा मसुदा लिहिणारं एक साधन बनवायचं. कंपनीची नियमांची कागदपत्रं मॉडेलला द्यायची, त्यातून शोधून त्याने उत्तर लिहायचं, आणि माणसाने बघून पाठवायचं. तांत्रिकदृष्ट्या यात काही विशेष नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काहीतरी चालायला लागलं. कोड तर बराचसा मॉडेलनेच लिहिला, आम्ही वाचला, जोडला, चालवला.

खरं शिकायला मिळालं ते ताई तक्रारी वाचायला बसल्या तेव्हा. आम्ही रागाची तीव्रता मोजत होतो, म्हणजे उद्गारचिन्हं, शिव्या, मोठी अक्षरं. त्या म्हणाल्या, "ओरडणाऱ्याची एवढी काळजी करू नका. ओरडणारा परत येतो. जो तीनदा लिहून शेवटी नुसतं 'असो' लिहितो ना, तो गेला." आमच्यातल्या कोणाला हे कधी सुचलं नसतं. मग त्यांनी सांगितलं की लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. 'कट झाले' म्हणजे फोन कट झाला की पैसे कापले गेले, ते पुढच्या वाक्यावरून कळतं. त्या मुलाने वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. सकाळी 'मॅडम' म्हणत होता, संध्याकाळी 'ताई' म्हणायला लागला. ताई उलट त्याच्याकडून शिकल्या की मॉडेलला सूचना देताना 'नीट उत्तर दे' म्हणून चालत नाही, नीट म्हणजे काय ते सांगावं लागतं. "हे मला माझ्या मॅनेजरलाही सांगायचंय," म्हणाल्या. सगळे हसलो.

आता पाच कारणं लावून बघा. शास्त्री मंडळी माफ करोत, मी थोडं ताणतोय.

अधिष्ठान म्हणजे जागा. आमच्या ऑफिसचा एसी आठ वाजता बंद होतो. प्रशासन विभागातल्या काकांनी परवानगी काढली आणि रात्रभर थांबले, म्हणून आम्ही बसू शकलो. करण म्हणजे साधन: लॅपटॉप, आणि ते मॉडेल. चेष्टा आमच्या पाच जणांच्या, वेगवेगळ्या दिशेच्या. आणि दैव? ते मॉडेल इतकं नेटकं मराठी लिहितं ते कुठून आलं? कोणीतरी विकिपीडियावर फुकट लेख टाइप केले, कोणी ब्लॉगवर आजीच्या पाककृती लिहिल्या, कोणी उत्तरं तपासून 'हे बरोबर, हे चूक' असं दिवसभर सांगत बसलं. हजारो माणसं, आणि त्यांना पत्ताही नाही की त्यांच्या शब्दांवर आमचा डेमो उभा आहे. डोळ्यामागे सूर्य, तसे हे आमच्या साधनामागे उभे आहेत. त्यांना देवता म्हणायला मला तरी अडचण वाटत नाही.

इथपर्यंत गोड वाटतं. गोपाळकाल्यासारखं, प्रत्येकाची शिदोरी एकत्र, कोणाचं पोहे कोणाचं दही ते कळू नये. पण दुसऱ्या दिवशी डेमोच्या तीन तास आधी ताईंनी एक मसुदा वाचला आणि थांबल्या. मॉडेलने एका ग्राहकाला अतिशय अदबीने लिहिलं होतं की आपली रक्कम सात दिवसांत परत मिळेल. असा नियमच नाही. दिलेल्या कुठल्याही कागदात नाही. त्याने तो रचला होता.

तो मुलगा पटकन म्हणाला, "पण हे मॉडेलने लिहिलंय, आपण नाही." यात खोटं काही नव्हतं, आणि त्याचा हेतूही वाईट नव्हता. अक्षरशः बघितलं तर ते वाक्य आमच्यापैकी कोणी टाइप केलेलं नव्हतं. पण दहाच मिनिटांपूर्वी प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिलं होतं: 'आम्ही बनवलं'.

मला पंधरावा श्लोक तिथे कळला. कारणं पाच आहेत हे मान्य केलं, तर ती चांगल्या कामालाही पाच आणि उलट्या कामालाही पाच. जिंकलो तर 'आम्ही' आणि चुकलं तर 'मॉडेल', ही सोय भगवंत ठेवत नाहीत. आणि हा केवळ आमच्या खोलीतला वाद नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली. प्रवाशाने ती खरी मानून तिकीट काढलं आणि नंतर सवलत नाकारली गेली. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या लवादापुढे गेलं. बॉटने दिलेल्या माहितीची जबाबदारी आपल्यावर येत नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत लवादाने तो फेटाळला. बॉट हा तुमच्याच संकेतस्थळाचा भाग आहे, तेव्हा माहिती तुमचीच, असं म्हणून भरपाई द्यायला लावली. रक्कम मोठी नव्हती, साधारण ८०० कॅनेडियन डॉलर.

पण मग एक प्रश्न उरतो, आणि तो मला अजून टोचतो. मी एकटा कर्ता नाही, हे खरं. मग दोष पाचांत वाटून घ्यायचा का? एक पंचमांश माझा, एक पंचमांश साधनाचा? मला वाटतं श्रेय आणि जबाबदारी यांचं गणित वेगळं आहे. श्रेय भाकरीसारखं आहे, वाटलं की तुकडे होतात आणि तसे व्हायलाही हवेत. जबाबदारी घरातल्या म्हाताऱ्या आईसारखी आहे. चार भावंडं असली म्हणून आई पाव-पाव वाट्याला येत नाही, प्रत्येकाची ती अख्खीच असते. आणि पाच कारणांत 'मी' म्हणू शकणारा कर्ता एकच आहे. साधन उत्तर देऊ शकतं, पण त्याला जाब विचारता येत नाही. एसीलाही नाही.

टेस्टिंगवाल्या मित्राने सरळ सांगितलं, चूक लपवून डेमो करायचा नाही. शेवटच्या पानावर तो मसुदा जसाच्या तसा टाकला, खाली लिहिलं की साधन असे नियम रचतं, सपोर्टच्या माणसाने वाचल्याशिवाय पाठवू नये. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. ज्यांना मिळालं त्यांचा डेमो छान होता, उगाच काही बोलत नाही.

एकनाथ महाराजांची आठवण झाली. त्यांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलांमागून नकला होताना भलतेच पाठ शिरले होते. नाथांनी अनेक प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही दिली. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांना चार ओव्या घालणं जड होतं का? तरी त्यांनी तपासणाऱ्याचं काम पत्करलं. आमच्या क्षेत्रात तपासणाऱ्याला दुय्यम समजतात, म्हणून मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणि श्रेयाचंही तिथेच आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचं नाव आदराने येतं, ज्यांनी नेवाशात ती लिहून घेतली. ग्रंथ माउलींचा, कृपा निवृत्तिनाथांची, पण लिहिणाऱ्या हाताचं नाव पुसलं गेलं नाही. सातशे वर्षांहून जास्त काळ ते तिथे आहे.

आमच्या प्रमाणपत्रावर चार नावं आहेत. फॉर्ममध्ये चारच रकाने होते, आणि ताईंची नोंद 'विषयतज्ज्ञ, मदतीसाठी' अशी केली गेली. त्यात भर म्हणजे ते दोन दिवस त्यांची तिकिटं कमी भरली, आणि महिन्याच्या आढाव्यात ते दिसतंय. त्या काही बोलल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "असो."

ते ऐकून आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. त्या 'असो'चा अर्थ आता आम्हाला माहीत होता. त्याच दुपारी आयोजकांना आणि त्यांच्या मॅनेजरना चौघांच्या सहीने मेल गेला. साधन काय करतं, त्यातलं ताईंमुळे काय झालं, चूक कोणी पकडली, सगळं मुद्देसूद लिहिलं. आयोजकांचं उत्तर आलं, पाचवं नाव घालून नवीन प्रमाणपत्र देणार आहेत. मॅनेजरचं अजून यायचंय. सोमवारपर्यंत नाही आलं तर चौघे खाली जाऊन भेटणार आहोत.

उद्या सतरावा श्लोक. ज्याला 'मी केलं' हा भाव नाही, त्याला कर्म बांधत नाही, असं त्यात येतं. आजचं डोक्यात ठेवून तो वाचून या, कारण तो नेमका उलट्या अर्थाने वापरता येतो.

राम कृष्ण हरी.