कसोटीपलीकडचा कस

'टेस्ट मॅच'ला मराठीने 'कसोटी सामना' हे नाव दिले आणि त्या नावाबरोबर एक न्यायही आपल्या मनात रुजला. कसोटी म्हणजे सराफाच्या पेढीवरचा काळा दगड. सोने त्यावर एकदा घासायचे, उमटलेली रेघ पाहायची आणि कस सांगायचा. सोन्यापुरता हा न्याय चोख आहे, कारण सोन्याचे मोल शुद्धतेत असते आणि शुद्धता एका रेघेत उतरते. नांगराच्या फाळाचे मोल मात्र असे कळत नाही. तो किती हंगाम चालला, किती जमीन त्याने उलथली, किती वेळा पाजळून आणावा लागला, यावर शेतकरी त्याची पारख करतो. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये जे व्यावसायिक खेळाडू राबले, त्यांना क्रिकेटच्या इतिहासाने सातत्याने सराफाच्या दगडावरच घासले. केंट कौंटीचा लेगस्पिनर आल्फ्रेड पर्सी फ्रीमन हा त्यांतला सर्वांत ठळक दाखला. त्याच्या कारकिर्दीचा हिशोब नीट मांडला, तर कसोटीच्या निकषातून काय निसटते ते दिसते, असे मला वाटते. तो मांडताना त्याच्याविरुद्ध जाणारे पुरावे झाकून चालणार नाही.

फ्रीमनचा जन्म १७ मे १८८८ रोजी लुइशमचा. उंची पाच फूट दोन इंच, म्हणून उभ्या क्रिकेटविश्वात त्याचे नाव 'टिच' पडले, म्हणजे बुटका. केंटकडून तो १९१४ मध्ये पहिल्यांदा खेळला, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी युद्ध सुरू झाले आणि पुढची चार वर्षे प्रथम श्रेणीचे क्रिकेट बंद राहिले. केंटचा थोर डावखुरा फिरकी गोलंदाज कोलिन ब्लाइथ नोव्हेंबर १९१७ मध्ये पाशेंडेलजवळ मारला गेला. १९१९ मध्ये मैदाने पुन्हा उघडली तेव्हा फ्रीमन एकतिशीत होता आणि ब्लाइथची जागा रिकामी होती. १९२० ते १९३६ या सतराही हंगामांत त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कारकिर्दीची बेरीज ५९२ सामन्यांत ३७७६ बळी, सरासरी १८.४२. त्याच्यापुढे फक्त यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स आहे. १९२८ च्या एका हंगामात फ्रीमनने ३०४ बळी घेतले. एका हंगामात तीनशेचा आकडा त्याआधी कोणी गाठला नव्हता, त्यानंतरही कोणी गाठला नाही. सर्वांत जवळ गेला तो स्वतः फ्रीमनच, १९३३ मध्ये, २९८ बळी घेऊन. १९२८ पासूनच्या आठ हंगामांतले त्याचे आकडे ३०४, २६७, २७५, २७६, २५३, २९८, २०५ आणि २१२ असे आहेत, एकूण २०९०. मे १९२८ मध्ये त्याला चाळीस पूर्ण झाली, म्हणजे हे जवळजवळ सगळे बळी त्याने चाळिशीनंतर घेतले. तुलनेसाठी अनिल कुंबळे घेऊ. कसोटीसह प्रथम श्रेणीच्या संपूर्ण कारकिर्दीत कुंबळेने ११३६ बळी घेतले. फ्रीमनचे १९२८ ते १९३१ या चार उन्हाळ्यांचे बळी ११२२ भरतात.

आकडे इतके मोठे झाले की मन त्यांना धरून ठेवत नाही. म्हणून ते दिवसांत फोडून पाहावे लागतात. १९२८ मध्ये फ्रीमनने १९७६ षटके आणि एक चेंडू टाकला. म्हणजे ११,८५७ चेंडू. इंग्लंडचा हंगाम मेच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, साधारण वीस आठवडे. शनिवारी सुरू झालेला सामना रविवारची सुट्टी सोडून सोमवारी-मंगळवारी चालायचा. दुसऱ्या गावचा सामना बुधवारी सुरू होऊन शुक्रवारी संपायचा, आणि पुन्हा शनिवार. केंटची घरची मैदानेसुद्धा एका जागी नव्हती. कँटरबरी, मेडस्टन, फोकस्टन, डोव्हर, टनब्रिज वेल्स असा फिरता संसार होता. आठवड्याला सहा दिवस धरले तरी रोज शंभराच्या आसपास चेंडू पडतात, आणि यातले कितीतरी दिवस स्वतःचा संघ फलंदाजी करत असल्याने किंवा पावसाने गेलेले. लेगस्पिन ही मनगट, बोटे आणि खांदा यांची एकत्र पिळवणूक असते. मध्यमगती गोलंदाज दमला तर वेग थोडा उतरवून टप्पा राखू शकतो. लेगस्पिनरचे बोट दमले की चेंडू सरळ फुलटॉस होऊन पडतो आणि सीमेपार जातो. या कलेत दिवसाला शंभर चेंडू, वीस आठवडे, सतरा वर्षे अचूक टाकत राहणे ही मुळातच वेगळ्या जातीची कर्तबगारी आहे, आणि पाच दिवसांच्या कुठल्याही सामन्यात तिची परीक्षा होऊच शकत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: इतके चेंडू टाकले तर बळी मिळणारच. तो वरवर खरा वाटतो. पण मग षटके वाढली की प्रत्येक बळीची किंमतही वाढायला हवी होती, कारण थकव्याची वसुली शेवटी धावांत होते. फ्रीमनच्या बाबतीत घडले उलट. १९२८ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्याची सरासरी १८.०५ होती. १९३३ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने २०३९ षटके टाकली, आणि सरासरी १५.२६ वर आली. शिवाय हा काळ गोलंदाजांना अनुकूल होता असेही कोणी म्हणू शकणार नाही. खेळपट्ट्या गुळगुळीत आणि निर्जीव केल्या जात होत्या. १९२८ च्या त्याच उन्हाळ्यात पाच फलंदाजांनी तीन हजार धावा ओलांडल्या. फ्रीमनचाच सहकारी फ्रँक वुली ३३५२ पर्यंत गेला, मिडलसेक्सचा पॅट्सी हेंड्रन ३३११ पर्यंत. धावांचा हा पूर आवरण्यासाठी १९३१ मध्ये यष्ट्या एक इंच उंच आणि एक इंच रुंद कराव्या लागल्या. ज्या उन्हाळ्यात फलंदाजांचे पीक असे तरारून आले होते, त्याच उन्हाळ्यात तीनशे चार बळी निघाले आहेत.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि आजही ऐकू येतो: फ्रीमनने दुबळे संघ आणि तळाचे फलंदाज कापून काढले, चांगल्या फलंदाजाने पाय हलवले की तो हतबल व्हायचा. यातला तळाच्या फलंदाजांचा मुद्दा मला कधीच पटला नाही. दहा गडी बाद झाल्याशिवाय डाव संपत नाही, आणि तीन दिवसांच्या सामन्यात शेपूट दीड तास वळवळत राहिले तर हाती आलेला विजय अनिर्णित होतो. नववा आणि दहावा गडी झटपट काढणारा गोलंदाज हलके काम करतो असे म्हणणे म्हणजे कापणी करणाऱ्याला मोठा मानून मळणी करणाऱ्याला कमी लेखणे. दुबळ्या संघांचा मुद्दा मात्र पुराव्याने तपासता येतो. प्रथम श्रेणीत एका डावात दहाच्या दहा बळी तीनदा घेणारा फ्रीमन हा एकमेव गोलंदाज. या तीनपैकी दोन डाव लँकेशायरचे आहेत: १९२९ मध्ये मेडस्टनला १३१ धावांत दहा, आणि १९३१ मध्ये खुद्द ओल्ड ट्रॅफर्डवर ७९ धावांत दहा. लँकेशायर १९२६, १९२७, १९२८ आणि १९३० या चार वर्षी कौंटी विजेता होता. दहाही गडी एकाच्याच खात्यात जातात तेव्हा सलामीवीर आणि मधली फळीही त्यात आलीच. विजेत्यांचा अख्खा डाव दोनदा एकट्याने गुंडाळणाऱ्याला दुबळ्यांचा कर्दनकाळ म्हणता येत नाही.

पाय हलवण्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि त्यासाठी फ्रीमन कसा गोलंदाजी करायचा हे पाहिले पाहिजे. मोजक्या पावलांची धाव, नेमका टप्पा, लेगब्रेक, टॉपस्पिन आणि अधूनमधून गुगली. उंची कमी असल्याने चेंडू हातातून सुटायचाच खालून. त्याला फलंदाजाच्या नजरेच्या वर चढवून मग खाली आणावे लागायचे. असा चेंडू पुढे बोलावतो. फलंदाज पुढे निघाला आणि टप्प्यापर्यंत पोहोचला तर चौकार. अर्धी वीत कमी पडला तर मागे यष्टिरक्षक उभा. १९२७ नंतर केंटच्या यष्ट्यांमागे लेस्ली एम्स आला आणि हा सापळा पुरा झाला. एम्सचे कारकिर्दीतले ४१८ यष्टिचीत हा प्रथम श्रेणीचा विक्रम आहे, आणि १९३२ मध्ये त्याने यष्टींमागे बाद केलेल्या १०४ फलंदाजांपैकी ६४ यष्टिचीत होते. हे प्रमाण मला फार बोलके वाटते. यष्टिचीत होणारा फलंदाज क्रीजमध्ये गाडून घेतलेला घाबरट नसतो, तो पाय हलवून पुढे आलेला असतो. पाय हलवणे हा फ्रीमनवरचा उतारा होता हे खरे, पण तोच त्याचा गळही होता.

आता कसोटीकडे. इथे फ्रीमनच्या बाजूने बोलणाऱ्याने सावध राहायला हवे. बारा कसोटींत त्याचे ६६ बळी आहेत, सरासरी २५.८६. एका सामन्यामागे साडेपाच बळी. हा दर कुंबळे आणि शेन वॉर्न या दोघांपेक्षाही जास्त आहे. पण हे आकडे सोलून पाहिले की आत दोन वेगळे फ्रीमन दिसतात. १९२८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तीन सामन्यांत २२ बळी. ती त्या संघाची पहिलीवहिली कसोटी मालिका होती. १९२९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लीड्सला दहा आणि लगेच मँचेस्टरला बारा. आणि १९२४-२५ मध्ये ऑस्ट्रेलियात, दोन कसोटींत आठ बळी, प्रत्येकी सत्तावन्न धावांहून महाग. अ‍ॅडलेडच्या सामन्यात तो जखमी झाला हे खरे, पण तेवढ्याने हा आकडा पुसला जात नाही. कडक खेळपट्टीवर उसळलेला चेंडू मागे राहून सावकाश खेळणारे फलंदाज भेटले तेव्हा त्याच्या सापळ्यात कोणी शिरले नाही. हे मान्य केलेच पाहिजे.

मान्य केल्यावर मात्र एक प्रश्न उरतो. ऑस्ट्रेलियात सव्वाशे धावा देऊन दोन बळी घेणारा फ्रीमन खरा आणि ७९ धावांत दहा घेणारा अपवाद, असे कोणत्या तर्काने ठरले? १९२८ मध्ये तीनशे चार बळी घेऊन तो पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला, आणि पाचपैकी एकाही कसोटीत त्याला घेतले नाही. पहिल्या दौऱ्याचा अनुभव आणि इंग्लंडने ही मालिका ४-१ ने जिंकली हे पाहता त्या निर्णयाला दोष देता येत नाही. पण १९३० मध्ये ऑस्ट्रेलिया इंग्लंडमध्ये आली, ब्रॅडमनने मालिकेत ९७४ धावा कुटल्या, इंग्लंडने रॉबिन्स, डिक टिल्ड्स्ली आणि पीबल्स असे तीन लेगस्पिनर आलटून पालटून वापरले, आणि त्या उन्हाळ्यात २७५ बळी घेणाऱ्या फ्रीमनला ओळखीच्या मायदेशी खेळपट्टीवर एकदाही चेंडू दिला नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडमध्ये तो कधीच कसोटी खेळला नाही. मँचेस्टरच्या बारा बळींनंतर १९२९ मध्ये ओव्हलवर त्याला एकही बळी मिळाला नाही, आणि तिथेच त्याची कसोटी कारकीर्द संपली. मराठी वाचकाला इथे मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर आठवतील; पण शिवलकरांना कसोटीचे दार उघडलेच नाही, फ्रीमनला ते बारा वेळा उघडून मग बंद झाले. म्हणून त्याच्यावरचा अन्याय लहान वाटतो. मला त्यात अन्यायापेक्षा मोठी चूक दिसते, ती मोजमापाची. बारा सामन्यांचा निकाल ५९२ सामन्यांवर लादला गेला.

अजून एक आक्षेप केंटच्या बाजूने येतो: असा गोलंदाज असताना केंट विजेता का झाला नाही? युद्धापूर्वी १९०६ ते १९१३ या काळात केंट चार वेळा जिंकला होता. दोन युद्धांच्या मध्ये एकदाही नाही. याचे उत्तर फ्रीमनच्या षटकांतच आहे. एका गोलंदाजाला हंगामात दोन हजार षटके टाकावी लागतात, तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणी उरलेले नसते. नव्या चेंडूची भेदक जोडी केंटकडे त्या काळात नव्हती. यॉर्कशायरकडे एक दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा होता. फ्रीमनचा विक्रम काही अंशी केंटच्या गरिबीचाही विक्रम आहे, आणि हे मान्य केल्याने त्याचे श्रम कमी होत नाहीत.

श्रम हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये हौशी खेळाडू आणि व्यावसायिक खेळाडू यांची कपडे बदलायची खोली वेगळी, कितीतरी ठिकाणी मैदानात उतरायचे फाटकही वेगळे. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी यायची, व्यावसायिकाची नंतर. हा भेद १९६२ च्या अखेरीपर्यंत टिकला. संघाचा कप्तान जवळजवळ नेहमी हौशी असायचा. चेंडू कधी घ्यायचा आणि कधी ठेवायचा हे व्यावसायिक गोलंदाज स्वतः ठरवत नसे. त्याला करार हंगामागणिक टिकवायचा असे. अशा माणसाच्या कामगिरीत सातत्य हाच सगळ्यात मोठा गुण असतो, कारण वाईट महिना परवडायला त्याच्याकडे जमीनजुमला नसतो. प्रतिभा एका दुपारी दिसते आणि आपण तिच्यावर लिहितो. सातत्य दिसायला सतरा उन्हाळे लागतात, आणि तितका वेळ कोणी एकाच गोष्टीकडे पाहत बसत नाही.

हे विक्रम आता मोडणार नाहीत. एका हंगामात दोनशे बळी घेणारा शेवटचा गोलंदाज सरेचा टोनी लॉक, १९५७ मध्ये २१२. पुढे कौंटी सामन्यांची संख्याच घटत गेली आणि आज एका कौंटीच्या वाट्याला हंगामात चौदा सामने येतात. ज्या व्यवस्थेने फ्रीमनकडून हे काम करून घेतले, ती व्यवस्थाच उरली नाही. १९३६ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने पुन्हा शंभराहून अधिक बळी घेतले, आणि हंगाम संपल्यावर केंटने त्याला मोकळे केले. त्यानंतर तो वॉल्सॉलकडून लीगचे क्रिकेट खेळला. केंटमधल्या बेअर्स्टेड गावी त्याचे घर होते. २८ जानेवारी १९६५ रोजी तो त्याच गावी वारला. त्या घराला त्याने 'डनबोलिन' असे नाव दिले होते, म्हणजे गोलंदाजी आटोपली.