दोन स्वातंत्र्ये



१८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. पुढे रेल्वे आली. अकोला-अमरावतीची कपाशी विलायतेच्या गिरण्यांपर्यंत पोचली. पण ती वेचणारा अस्पृश्य अंबादेवीच्या देवळाच्या पायरीपर्यंतही पोचू शकला नाही. साहेबाच्या राज्यातही ते दार बंदच राहिले.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता आणि मागणी माणुसकीच्या हक्काची होती.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचे राज्य संपले, पण मनातली गुलामगिरी उरली. तिच्यावरचा घाव १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पडला. ज्या दारापुढे आपले वाडवडील ताटकळले, त्या दाराकडे आपण पाठ फिरवली.

वाचकहो, घरात बुद्धमूर्ती आणि मुलीच्या लग्नाला पंचांगातला मुहूर्त, असे आपल्याकडे घडते ना? मग आपण स्वतंत्र कसे? परक्याचे राज्य सर्वांनी मिळून घालवता येते. मनावरचे राज्य ज्याचे त्यालाच घालवावे लागते. आज रात्री मुलाबाळांना जवळ बसवा आणि बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचा.

नमो बुद्धाय! जय भीम!