कृपेने मिळालेली नीती आणि पाळलेले शील



वाशीमचे मिशन हॉस्पिटल आपल्यापैकी पुष्कळांना परिचित आहे. परंतु ते उभारणाऱ्या नाझरीन मिशनची शिकवण थोड्यांनाच ठाऊक असेल. माणूस स्वतःच्या पुण्याईने नीतिमान ठरत नाही. ख्रिस्तावर विश्वास ठेवला की देव त्याला कृपेने नीतिमान ठरवतो आणि मग त्याने पवित्र जीवन जगावे, अशी ती शिकवण आहे.

कोणी म्हणेल, हे तर ग्रेसचे गुण झाले! फुकट पास झालेला मुलगा पुढे अभ्यास कशाला करील? शंका रास्त आहे. तिचे उत्तर महाराष्ट्राच्याच एका बाईने जगून दिले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पंथ वेगळा, पण कृपेची शिकवण हीच. तेव्हा आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे पुढे त्यांनीच लिहिले. तारण कमवायचे नसते, स्वीकारायचे असते, हे त्यांना काही वर्षांनी उमगले. म्हणून त्या स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा आणल्या, केडगावला आसरा दिला, अक्षर शिकविले, हातउद्योग शिकविला. कृपा ही त्यांनी सबब मानली नाही, ऋण मानले.

आपला मार्ग निराळा आहे. बुद्ध मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे. शील कोणी देत नाही. ते आपले आपण पाळावे लागते.

परंतु फसगत दोन्हीकडे सारखीच होते. ख्रिस्ती झालेल्यांमध्येही जात टिकून राहिली, हे बाबासाहेबांनीच दाखवून दिले. तेथे कृपा प्रार्थनेपुरती उरली. आणि आपल्याकडे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. ती हात जोडून म्हणणारा माणूस मुलीचे स्थळ पाहताना हळूच पोटजात विचारतो, तेव्हा त्याची दीक्षा कोठे राहते? दीक्षेच्या विधीलाच आपण ग्रेसचे गुण समजलो, असेच म्हणावे लागेल. रमाबाईंनी तर कृपेनंतरही कष्ट सोडले नाहीत. आपण कृपा मानतच नाही. मग आपल्यावर जबाबदारी अधिकच आहे.

यंदाच्या सोयरिकीत हा प्रश्न कोणी काढला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो तेथेच थांबवावा.

जयभीम.