कावेरीतला आपला मासा

हे सावकाश वाचा. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा.

आधी एक डोह डोळ्यांसमोर आणा. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. इथले मासे देवीचे, म्हणून त्यांना कोणी गळ लावत नाही. माणसं लाह्या-कुरमुरे टाकतात आणि खालच्या काळोखातून मोठमोठे महाशीर वर येतात. त्यांचे जाड खवले आणि निळसर पर घटकाभर नुसते पाहा.

हा मासा आपला आहे. कर्नल साईक्स यांनी 1839 साली शास्त्राला त्याची ओळख करून दिली, ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आपल्याकडे त्याला खडशी म्हणतात. त्याला वाहतं, खडकाळ पाणी लागतं. पावसाळ्यात तो धारेविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूत अंडी घालतो. मग नद्यांवर धरणं आली, डोहांत सुरुंग फुटू लागले, मैलापाणी मिसळलं आणि खडशी दिसेनाशी होऊ लागली.

आता लोणावळ्याला या. टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या सुमारास तिथे महाशीराची पैदास सुरू केली. मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, नराचं बीज त्यांत मिसळायचं आणि वाहत्या पाण्याखाली ती पिवळसर अंडी जपायची. हे काम करणाऱ्या हातांचा विचार करा. नाहीसा होत चाललेला जीव वाचवायचा, एवढाच त्यांचा हेतू होता. मला त्या कामाबद्दल आजही आदर वाटतो. तिथली पिल्लं दूरदूरच्या राज्यांत गेली, अनेक नद्यांत आणि तलावांत सोडली गेली.

त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. इथे जरा जास्त वेळ थांबू या.

कावेरीला तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंच कुबड, केशरी झाक असलेले पर. कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो कुठेच नाही. 1946 साली कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत एक कुबडा महाशीर गळाला लागला, त्याचं वजन 120 पौंड भरलं, म्हणजे सुमारे 54 किलो. एवढा मासा घडायला नदीला किती पावसाळे लागले असतील, ते मनात मोजून पाहा.

गळ टाकून पकडायचं, नोंद करायची आणि पुन्हा सोडून द्यायचं, अशा छावण्या कावेरीकाठी चालत. त्यांच्या 1998 ते 2012 पर्यंतच्या वह्या अभ्यासकांनी तपासल्या. निळसर पराच्या, बाहेरून आणलेल्या महाशीराची संख्या वाढत गेली होती. कुबडा कमी होत होत जवळजवळ दिसेनासा झाला होता. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग कावेरीतही होतेच, सगळा दोष पाहुण्यावर टाकता येणार नाही. पण डोह तेच, अन्नही तेच, आणि वाटेकरी मात्र माणसाने पुन्हा पुन्हा, हजारोंनी आणून सोडलेला.

2018 पर्यंत या कुबड्या माशाचं शास्त्रीय नावसुद्धा पक्कं नव्हतं. ते ठरलं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जीवांच्या यादीत गेला. आता तो मोयार नदीसारख्या मोजक्या पाण्यांत उरला आहे.

मनात राग आला असेल तर तो कोणावर आहे ते पाहा. खडशीवर रागावता येईल? ती जगली, एवढंच तिने केलं. वाळणकोंडात जिला आपण हात जोडतो, तीच कावेरीत संकट ठरते. मासा बदलला नाही, त्याची नदी बदलली. म्हणून परका आणि देशी हे देशाच्या सीमेवरून ठरत नाही, पाणलोटावरून ठरतं. एकाच देशातला, चांगला, दुर्मीळ, पूज्य जीवसुद्धा चुकीच्या पाण्यात पडला की तिथल्याच्या मुळावर येतो.

हे पचायला जड आहे. आपल्याला वाटतं, नदीत जीव सोडणं म्हणजे पुण्यच.

आता आपल्या भीमेकडे वळा. 1952 साली भारतात आणलेली आफ्रिकेतली चिलापी, म्हणजे तिलापिया, भीमेवरच्या उजनी धरणाकाठच्या बाजारात आज ढिगाने दिसते. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वाढ रोखणं अवघड. आपण ज्यांना देशी समजतो ते कटला-रोहूही मूळचे गंगेच्या बाजूचे, इथे बीज टाकून आणलेले. मच्छीमारांची चूल या माशांवर पेटते, हे विसरून बोलणं मला मान्य नाही. पण भीमेचे स्वतःचे मासे कोणते, हे विचारलं तर आपल्यापैकी कितीजण चार नावं सांगतील?

एकदा नदीत मिसळलेला मासा वेचून काढता येत नाही. कावेरीतून निळ्या पराचा महाशीर आता कोणी बाहेर काढू शकणार नाही. आपल्या हातात आहे ते सोडण्याआधीचं. घरच्या काचपेटीतला मासा नकोसा झाला तर तो ओढ्यात, विहिरीत, तलावात सोडू नका; दुकानदाराला परत द्या किंवा सांभाळणारं दुसरं घर शोधा. गावच्या तळ्यात मत्स्यबीज टाकायचा ठराव आला, तर आधी उभं राहून विचारा: हे बीज कोणत्या नदीचं, आणि आपल्या पाण्यात आधीपासून कोण राहतं?